नव्या टॉवेलातली मटकी

मागच्या महिन्यात एका मंगळवारी सकाळी शोभाने खायला मागितलं... तीन आठवड्यांत पहिल्यांदा, आपणहून.

शोभा म्हणजे माझी बायको. टायफॉईडचा ताप उतरला, पण तोंडाची चव गेली ती परत येईना. शेजारून आलेली पेज, खिचडी, वरणभात, सगळं दोन घासांवर परत जायचं. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, शुक्रवारी वजन करू, अजून उतरलं असेल तर ॲडमिट करावं लागेल.

मागितलं काय, तर तिच्या आईच्या हातची मटकीची कोशिंबीर. सांगोल्याला तिच्या माहेरी करायचे तशी... मोड आलेली मटकी वाफवायची, त्यात नाकाला झोंबेल अशी फेसलेली मोहरी, लिंबू, मीठ, वरून हिंगाची फोडणी आणि चार तास झाकून मुरवायची. कच्चं द्यायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं, पण ही तर वाफवलेली. सासूबाई आता नाहीत. म्हणजे करणार मीच.

मी शाळेत क्लार्क. चहा आणि ऑम्लेट, यापलीकडे माझी मजल नाही. पण म्हटलं मटकीला मोड आणायला असं काय लागतं? भिजवायची, फडक्यात बांधायची, झालं.

घरात धड फडकं सापडेना. टॉवेल मात्र ढीगभर, कारण शोभा वीस वर्षं टॉवेलच्या कारखान्यात काठ शिवायला जाते. आजारी माणसासाठी करतोय तर वस्तू स्वच्छ हवी, म्हणून कपाटातला अगदी कोरा करकरीत टॉवेल काढला. स्वतःवर खूश होतो मी.

बुधवारी सकाळी गाठोडी सोडली. मोड राहिले बाजूला, मटकी बुळबुळीत झाली होती आणि आंबूस वास मारत होती. वास कुठेतरी ओळखीचा वाटला, पण कुठला ते आठवेना.

मी उन्हाळ्याला शिव्या घातल्या. शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरावर पत्रा आहे, दुपारी स्वयंपाकघरात उभं राहवत नाही. लगेच दुसरी मटकी भिजवली, संध्याकाळी आणखी एका नव्या, जास्त जाड टॉवेलात बांधली आणि गाठोडी माठाशेजारी गारव्याला ठेवली.

गुरुवारी सकाळी पुन्हा तेच. तसाच चिकटपणा, तोच वास. उद्या शुक्रवार, आणि तिच्या पोटात सकाळपासून फक्त दोन घोट चहा.

आतून तिचा बारीक आवाज आला, "मोड आले का वो?"

"आले की," मी म्हणालो. तोंडातून निघूनच गेलं.

मग पायात चपला सरकवल्या आणि मंडईतून मोड आलेली मटकी आणली, पिशवी शर्टाखाली लपवून. वाफवली, मिक्सरमध्ये मोहरी फिरवून घातली, लिंबू पिळलं, फोडणी दिली, झाकून ठेवली. ते चार तास मी घड्याळ बघत काढले. दोनदा झाकण उघडून उगीच वास घेतला.

दुपारी ताटली तिच्यापुढे ठेवली. तिने एक घास घेतला. चावला. बराच वेळ चावतच राहिली... आणि ताटली बाजूला सारली.

"इकतची हाय न्हवं?"

मी पाण्याचा तांब्या तिच्याकडे सरकवला.

"बोटभर मोड एका रातीत येत न्हाईत. तुमची कुटं हाय?"

वाटलं, संपलं. आता ही भिंतीकडे तोंड करून झोपणार आणि उद्या मला हिची बॅग भरावी लागणार. एवढं एक काम सांगितलं होतं तिने, त्यातही मी खोटं बोललो.

गाठोडी आणायला उठलो तर मागे पावलं वाजली. शोभा भिंत धरून येत होती. इतक्या दिवसांत बाथरूमपलीकडे ती गेली नव्हती. मी हात पुढे केला, तिने धरला नाही.

स्वयंपाकघरात ती खाली बसली. मटकीकडे बघितलंसुद्धा नाही, टॉवेलचं टोक तेवढं चिमटीत धरून चोळलं. "कोरा टावेल. खळ काढली व्हती का?"

मी विचारलं, कसली खळ?

मागावर सूत तुटू नये म्हणून त्याला खळ लावतात म्हणे. धुऊन काढली नाही तर ती ओल्या कापडात आंबते. हे तिने दम खात सांगितलं, पण सांगता सांगता आवाज चढत गेला. "वीस वर्सं टावेल शिवतीय मी. यवढं बी ठावं न्हाई व्हय तुमास्नी?"

तिची बोलणी मी आजवर खूप खाल्ली, पण इतक्या आनंदाने कधी नाही.

मग म्हणाली, "आना ती इकतची. फुकट कशाला घालवायची." पण मोहरी मेलीय, झोंबतच नाही म्हणून मोहरीची पूड, चिमूटभर मीठ आणि चार थेंब पाणी मागून घेतलं आणि वाटीत स्वतः फेसायला लागली. दारात उभ्या माझ्या नाकात झिणझिण्या आल्या. तिच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिथेच फरशीवर बसून तिने त्या कोशिंबिरीशी शेजारून आलेली अर्धी भाकरी खाल्ली... मी घास मोजत नव्हतो, पण बघत होतो.

शुक्रवारी वजन होतं तेवढंच भरलं. उतरलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, राहू दे घरीच. तिसरी मटकी तिने जुन्या साडीच्या तुकड्यात बांधली होती, शनिवारी तिला इवलेसे मोड आले.

या सोमवारपासून शोभा पुन्हा कामावर जातेय. संध्याकाळी आली, मी चहा केला होता, कप तिच्या हातात दिला... आणि तो वास आला. आंबलेला नाही, पण तोच, कोऱ्या टॉवेलच्या खळीचा. वीस वर्षं रोज संध्याकाळी तिच्या हातांना येणारा. कशाचा गं हा, एवढं मी एकदाही विचारलं नव्हतं.