सरकीची भाकर

आम्ही हिवरखेड सोडलं ते कापसाच्या बंडीवर बसून. माणसांसाठी वेगळी बंडी केली नाही. व्यापाऱ्याच्या बंड्या अमरावतीला निघाल्याच होत्या. त्यातल्या एकीवर कापसाच्या गठड्यांच्या वर मी आणि आपल्या सासूबाई, आणि हे बैलांबरोबर पायी. गंगू, तू वेशीपाशी उभी राहून रडत होतीस. मी वरून ओरडले, "रडू नोको वं, चूल पेटती ठेवून आली तू, आंधी घरी जाय!" सासूबाई म्हणाल्या, "रडू दे तिले. रडाले काही खर्च लागते का?" बंडीवाले हसले. तूही हसलीस.

आता तुझा निरोप आला. "मळा देऊन टाकला. पोळा झाला का आमी सारे येतो. काय आणू, कसं भागवू, सांगजो." शेजारचे पंतोजी हे लिहून देत आहेत. माझं बोलणं ते नीटनेटकं करतात, पण माणसं जे बोलली ते तसंच लिहा, असं मी त्यांना बजावलं आहे.

आधी वाटेचं सांगते. चार दिवस लागतात. भाकरी एका दिवसापुरत्याच घे, दुसऱ्या दिवशी त्या आंबतात. बाकी दशम्या कर, पीठ दुधात भिजवून. तीन दिवस टिकतात. जवसाची चटणी कोरडी वाट, कांदे घे. अकोट मागं पडलं की विहिरींचं पाणी खारं लागतं. त्यात डाळ शिजत नाही, नुसतं जळण जातं. मी ते शिकले एक अख्खी दुपार कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या जाळून, आणि शेवटी डाळ बैलांना घातली. तू शिजवायच्या भानगडीत पडू नकोस, गोड पाण्याची दोन मडकी भरून घे. मुक्काम बंडीवाल्यांसोबतच कर, त्यांच्यातलाच विस्तव माग.

येताना जातं आण. जड म्हणून मी आपलं तुझ्याकडं ठेवलं, ती चूक झाली. इथं दुसरीच्या जात्यावर दळलं की ओंजळभर पीठ तिला द्यावं लागतं. वर्षाच्या ओंजळी मोजल्या तर जातं हलकं वाटेल.

आपल्याकडं पऱ्हाट्या बांधावरून उचलून आणायच्या. इथं जळणही विकत. म्हणून चूल दिवसातून एकदाच पेटवते. चुलीवर भाकर आणि मागच्या वैलावर वरण, दोन्ही एकाच जाळावर. निखारे राखेत पुरून ठेवते. मुळ्याचा पाला, वांग्याची देठं, अंबाडीचे कोवळे शेंडे, सगळं भाजीत जातं. रेच्यावर, म्हणजे सरकी आणि रुई वेगळी करायच्या चरख्यावर, काम मिळालं तर सुटी होताना मुकादम बायकांचे पदर झटकायला लावतो. केसांत अडकलेली रुई मात्र तो पाहत नाही. घरी येऊन केस विंचरायचे. दिव्याच्या वाती कधी विकत घेतल्या नाहीत, आणि दोन वर्षांत एक उशी झाली. मुकादम एकदा म्हणाला, "तुहे केस लवकरच पांढरे झाले वं बाई." मी म्हटलं, "तुह्याच आवारात झाले."

हे सगळं करावं लागेल असं मळ्यात कुणाला वाटलं असतं का? वांगी, मेथी, मिरची घरची. बाजारातून मीठ आणि गूळ तेवढा आणायचा. मग समुद्रापलीकडं कुठं लढाई लागली, कापसाला भाव चढला, आणि दोघा भावांनी कांद्याचे वाफे मोडून पऱ्हाटी लावली. आपण दोघी जावांनी अडवलं नाही. चांदीचे गोट मीही घातले, तूही घातलेस. अंगणातलं ज्वारीचं पेव त्या वर्षी भरलंच नाही, ज्वारी विकत घेऊ म्हणून. सगळ्या गावानं पऱ्हाटीच लावली होती. मग ज्वारी विकणार कोण, हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही. ज्वारी महागली, एका मळ्यावर दोन घरं भागेनात, म्हणून आम्ही कापसाच्या मागोमाग इथं आलो.

आता खरं सांगते. सासूबाई तापानं गेल्या असं मी कळवलं होतं. ताप नव्हता.

लढाई थांबली, भाव पडला, अर्धे रेचे बंद झाले. ज्वारी मात्र महागच राहिली. आवारात सरकीचे ढीग पडलेले असत. पदरभर नेली तर मुकादम बोलत नसे. मी विचार केला, म्हैस सरकी खाऊन दूध देते, माणसाला काय होणार? भाजली, टरफलं चाळली आणि ज्वारीत निम्मी दळली. यांना रेचा ओढायचा, म्हणून यांची भाकर निव्वळ ज्वारीची. आम्हा दोघींची मिसळलेली. पहिल्या दिवशी सासूबाईंनी तुकडा मोडून वास घेतला. "काहून वं, मले म्हैस समजून राहिली का? खातो मी. पण सांजच्याले दूध मांगशीन तं नाई भेटाचं." आम्ही दोघी हसलो.

महिन्या-दोन महिन्यांत त्यांच्या पायांतलं बळ गेलं. मग पाण्याचा लोटा उचलेना. मला काही होत नव्हतं, म्हणून मी म्हातारपण समजले. शेजारणीनं भाकर पाहून कपाळाला हात लावला, तेव्हा बंद केली. पुढं पंधरा दिवस त्या होत्या. सरकीनं गेल्या की वयानं, वैद्याला सांगता आलं नाही. शेवटच्या दिवशी त्यांनी मला जवळ बोलावलं. "जवारी किती वाचली वं?" मी म्हटलं, "दोन पायल्या." "भलं झालं," म्हणाल्या.

त्या दोन पायल्या तेराव्याला दळल्या.

सरकी तुझ्या पोरींच्या तोंडाला लावू नकोस, कुणी कितीही सांगितलं तरी. बाकीचं सगळं वर सांगितलं तसं कर. त्यानं दिवस निघतील, त्याच्यापुढं काही होईल असं नाही. मी जे वाचवत होते ते परत जाण्यासाठी, कांद्याचे वाफे पुन्हा घालण्यासाठी. आता मळाच दिलात. तुम्हाला दोष देत नाही, मीही दिला असता. आमची खोली कुडाची आहे आणि आवाराच्या मालकाची. रेचे बंद पडले की तीही सोडावी लागेल. येऊ नका म्हणावं, तर तुम्ही जाल कुठं?

इथं बाजारात बायका विचारतात, "गाव कोणतं वं तुहं?" मी अजून हिवरखेड सांगते. मनात धरते की तू तिथं आहेस, म्हणून ते खोटं नाही. तुम्ही आलात की तिथं आपलं कुणी उरणार नाही. मग आपण दोघींनी काय सांगायचं, ते वाटेत ठरवून ये. मला काही सुचलेलं नाही.