नमुनेवाल्या अक्का

कुणाच्याही घरी पाण्याचा तांब्या पुढे आला की नमुनेवाल्या अक्का आधी विचारायच्या, "हे कधीचं?" आमच्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी येतं आणि मधले दिवस ते पिंपात, हौदात, हंड्यात राहतं. त्यामुळे प्रश्न रास्त होता. तरी घरच्या बाईच्या कपाळाला आठी पडायचीच. "काल भरलंय की, अक्का," असं उत्तर आलं तर त्या दोन घोट प्यायच्या. "परवाचं हाय," म्हटलं तर तांब्या नुसता हातात धरून बसायच्या आणि निघताना होता तसा खाली ठेवायच्या. लग्नघरीसुद्धा हेच. एका विहीणबाईंनी त्यांना तोंडावर सुनावलं होतं, "पाण्याची जन्मतारीख विचारणारी बाई आजच बघितली." अक्कांना हे वाक्य इतकं आवडलं की पुढे त्या स्वतःच ते सांगत फिरल्या.

त्या पाणीपुरवठा विभागासाठी पिण्याच्या पाण्याचे नमुने गोळा करायच्या. नोकरी कंत्राटी, शिक्षण दहावी. त्याआधी बरीच वर्षं त्यांनी भवानी पेठेतल्या एका यंत्रमागाच्या कारखान्यात कांड्या भरल्या होत्या. घरची भाषा तेलुगू, बाहेरची सोलापुरी, आणि परिपत्रकं वाचण्यापुरती सरकारी मराठी. मी एका स्थानिक दैनिकात होतो. कोणत्या भागाला कधी पाणी येणार, ही रोजची चौकट माझ्याकडे असायची. एकदा ती चुकली. दुसऱ्या दिवशी अक्का कार्यालयात आल्या आणि म्हणाल्या, "ओ पेपरवाले, तुमच्यामुळं अर्धी पेठ पिंप रिकामं करून, धुऊन बसलीय. पाणी उद्या हाय." चिडलेल्या नव्हत्या. चूक पदरात घातली आणि चहा मागितला. ओळख झाली ती अशी.

त्यांच्याबरोबर मी दोन-तीनदा फिरलो. खांद्याला बर्फ भरलेला डबा, हातात पिशवी. नळाशी गेल्या की तोटीला लावलेलं फडकं किंवा रबरी नळीचा तुकडा आधी काढून टाकायच्या. मग चिमट्यात स्पिरिटचा बोळा पेटवून तोटीच्या तोंडाला सगळीकडून धरायच्या. बायका जमायच्या. "अक्का नळाची आरती करालीय बघा," असं कुणीतरी म्हणायचं. अक्का मान न वळवता सांगायच्या, "प्रसाद उद्या मिळतोय, प्रयोगशाळेत." मग पाणी थोडा वेळ वाहू द्यायचं, बाटलीचं झाकण हवेत तिरकं धरायचं, बाटली भरायची, वर बोटभर जागा सोडायची. या सगळ्यात त्या कुणाशी बोलत नसत. झाकण लागलं की पुन्हा बोलणं सुरू.

दुसरी सवय परिपत्रकांची. पाण्याच्या तपासणीबद्दल नवी सूचना आली की त्यांच्या विभागात ती सहीपुरती फिरायची. अक्का तिची झेरॉक्स काढून घरी न्यायच्या. घरी त्यांचे दोन ढीग होते. ज्या कागदात शेवटी 'करावे' असेल तो एका ढिगात, 'बंधनकारक' असेल तो दुसऱ्यात. "करावेचं कुणी करत न्हाय," त्या सांगायच्या. "बंधनकारकचं निम्मे करतात. म्हणून मी करावेचा ढीग आधी वाचते. त्यातच खरं काम असतंय." साहेबांपैकी काही जण नवा नियम काय आहे हे त्यांना जिन्यात गाठून विचारत. बैठकीला मात्र त्यांना खुर्ची नसे.

क्लोरिन तपासायची पद्धत बदलली तेव्हाची गोष्ट. आधी एक द्रावण टाकलं की पाणी पिवळं व्हायचं. पिवळं झालं म्हणजे क्लोरिन आहे. ते द्रावण हाताळणाऱ्याला घातक म्हणून थांबवायची सूचना आली आणि गोळी आली. गोळीने पाणी गुलाबी होतं. वस्त्यांमध्ये गोंधळ झाला. कुंभारीच्या एका म्हातारबाबांनी गुलाबी पाणी बघून हात जोडले, "बाई, आमाला पिवळंच द्या. हे औषध जास्त झालंय." अक्कांनी त्यांना अर्धा तास बसून समजावलं. परतताना रिक्षात म्हणाल्या, "त्यांचं काय चुकलं? इतकी वर्षं आपणच शिकवलं पिवळं म्हणून. रंग बदलायला एक कागद पुरतो. माणसाला जास्त वेळ लागतोय."

अक्का विधवा होत्या, एकुलता मुलगा भिवंडीला कामाला. भावाच्या कुटुंबात राहायच्या, गल्लीतल्या शेवटच्या घरात. जलवाहिनीचंही ते शेवटचंच घर. पाणी आलं की तिथल्या नळाला पहिली दहा-पंधरा मिनिटं गटाराचा वास यायचा, मग जायचा. गल्लीने अर्ज केले. उत्तर ठरलेलं असायचं : तपासणी अहवाल 'पिण्यास योग्य' आहे, खोदकामाची गरज नाही. अहवाल खोटा नव्हता. नमुन्याच्या जागा यादीत ठरलेल्या होत्या, आणि यादीतली सर्वांत जवळची जागा टाकीशेजारची शाळा होती. जागेवरूनच मोबाइलवर फोटो काढायचा असल्याने यादीबाहेरचा नमुना नोंदवताच येत नसे. आणि स्वतःच्या घरचा नमुना अक्कांनी स्वतः आणलेला चालणार नव्हता. 'अयोग्य' असा अहवाल कुठल्याच गल्लीला नको असतो. या गल्लीला तोच हवा होता, कारण त्याशिवाय रस्ता खोदला जाणार नव्हता.

मग आणखी एक परिपत्रक आलं. नागरिकांना आपल्या नळाचा नमुना स्वतः प्रयोगशाळेत देता येईल, त्याची नोंद घेणे बंधनकारक राहील. अक्का तो कागद घेऊन थेट माझ्याकडे आल्या. इतक्या आनंदात मी त्यांना एकदाच पाहिलं. "आता गल्लीतलं कुणीबी देऊ शकतंय. फक्त नीट घेतला पाहिजे. तुमी छापा, मी सांगते."

त्या सांगत गेल्या, मी टंकत गेलो. बाटली प्रयोगशाळेतूनच घ्यावी. नळ पुसून घ्यावा. नमुना बर्फात ठेवावा, त्याच दिवशी पोचवावा. मध्येच त्यांचा फोन वाजला. भिवंडीत मुलाचा अपघात झाला होता, पायाचं ऑपरेशन करावं लागणार होतं. त्या उभ्या राहिल्या, पुन्हा बसल्या. म्हणाल्या, "एक राहिलं. सगळ्यात मोठं." बाटलीच्या तळाशी चिमूटभर पांढरी पूड असते. ती घाण नव्हे. नळाच्या पाण्यातला क्लोरिन ती बाटलीत शिरताच थोपवते. ती नसली तर क्लोरिन बाटलीतही काम करत राहतो, आणि नळाशी जिवंत असलेला जंतू प्रयोगशाळेत पोचेपर्यंत मेलेला असतो. घाण पाणी योग्य ठरतं. "आपल्या बायका भांडं विसळल्याशिवाय पाणी भरत न्हाईत," अक्का म्हणाल्या. "म्हणून लिहा. बाटली विसळू नये." मी ते शेवटी लिहिलं. त्या त्याच दुपारी भिवंडीला गेल्या.

अक्का सगळ्यात महत्त्वाची गोष्ट शेवटी सांगायच्या. वर्तमानपत्रात ती आधी लिहितात. कारण जागा कमी पडली की मजकूर खालून कापला जातो. हे मला माहीत होतं. त्या दिवशी पान मीच लावत होतो. ऐन वेळी चादरींच्या सेलची जाहिरात आली आणि नऊ ओळी जास्त झाल्या. मी तळाच्या नऊ ओळी काढल्या. माहिती चौकटीत छापून आली, नीटनेटकी.

अक्कांच्या भावाची मुलगी पद्मा पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. बारावी शिकलेली, रोज पेपर वाचणारी. अक्कांनी तिला भिवंडीहून फोनवर सांगितलं, "पेपरात सगळं दिलंय बघ. तसंच कर." पद्माने चौकट कापून भिंतीवर चिकटवली. वडिलांना प्रयोगशाळेत पाठवून बाटली मागवली. खिडकीवरच्या माणसाने बाटली दिली, सूचना दिली नाही. पाण्याच्या दिवशी ती पहाटेपासून नळाशी बसली. नळ पुसला. बाटलीत पांढरं काहीतरी दिसलं, म्हणून ती विसळली. भरून बर्फात ठेवली. नमुना वेळेत पोचला.

अहवाल आला : पिण्यास योग्य. गल्लीचा अर्ज त्या आधारावर निकाली काढण्यात आला.

त्यानंतरच्या महिन्यात गल्लीत काविळीचे रुग्ण निघाले. बहुतेक बरे झाले. पद्मा आठव्या महिन्यात होती. तिलाही कावीळ झाली आणि रुग्णालयात चौथ्या दिवशी ती वारली. बाळ वाचलं नाही. मग रस्ता खोदला. गल्लीच्या तोंडाशी जलवाहिनी गंजून तिला भोक पडलं होतं, आणि शेजारून गटार वाहत होतं. दुरुस्तीला एक दिवस लागला.

बातमीसाठी मी त्या घरी गेलो. अक्कांचा भाऊ ओट्यावर बसला होता. भिंतीवर चौकट तशीच होती. मी नमुन्याचं विचारलं. "पोरीनं सगळं नीट केलं ओ," तो म्हणाला. "तीन खेपा विसळली बाटली. एकदम चकाचक." मी ते वहीत लिहून घेतलं. बातमीत घेतलं नाही. बातमीत जलवाहिनी होती, गटार होतं, अधिकाऱ्यांचा खुलासा होता.

अक्का मुलाला भिवंडीत ठेवून आल्या, दिवस होईपर्यंत भावाकडे राहिल्या आणि तेराव्यानंतर माझ्या कार्यालयात आल्या. बर्फाचा डबा नव्हता. खुर्चीवर बसल्या. चहा आला तो तसाच राहिला.

"एक विचारायचं होतं," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी मला फोन आला. माझं डोकं भिवंडीत गेलं. बाटली विसळू नका, हे मी तुमाला सांगितलं का न्हाय?"

मी चहा त्यांच्या पुढे सरकवला.

"पेपरात न्हाय ते. मी धा वेळा वाचला. वहिनी म्हणते, मीच सांगायला विसरले असेन. तोंडावर न्हाय म्हणत, पण म्हणते. मला बी आठवत न्हाय. सांगितलं असं वाटतंय. पण वाटण्याचं काय?"

त्यांना दुसरा कुणी साक्षीदार नव्हता. 'आठवत नाही' एवढं म्हणून मी तो विषय तिथेच संपवू शकलो असतो. मी जुना मजकूर शोधला आणि पडदा त्यांच्याकडे वळवला. त्यांनी वरपासून वाचायला सुरुवात केली. शेवटपर्यंत आल्या. पुन्हा शेवटच्या ओळी वाचल्या.

"सांगितलं होतं म्हणजे."

"हो."

"मग पेपरात कसं न्हाय?"

"जागा कमी होती. मजकूर खालून कापतात."

"खालून," त्या म्हणाल्या. त्यांचा श्वास मोकळा झाल्याचं दिसलं, आणि ते बघणं मला जड गेलं. "बरं झालं. मला वाटालतं, मीच विसरले. रात्रंदिवस तेच." मग म्हणाल्या, "वहिनीला दाखवायला एक कागद देता का?"

कापलं कोणी, हे त्यांनी विचारलं नाही.

आमच्या कार्यालयात मजकूर कागदावर काढला की तो कोणी लिहिला आणि पानासाठी कोणी कापला, ती नावं तळाशी आपोआप छापली जातात. दोन्ही जागी माझंच नाव होतं. ती पुसता येतात. मी कागद नावांसकट काढला आणि त्यांच्या हातात दिला. अक्कांनी तो उभ्याउभ्याच वाचला, अगदी तळापर्यंत. चार घड्या घातल्या. पिशवीत ठेवला. माझ्याकडे बघितलं आणि बाहेर पडल्या. पुढच्या आठवड्यात त्या भिवंडीला राहायला गेल्याचं कळलं. त्यानंतर कुठल्या नव्या परिपत्रकाचा अर्थ विचारायला आम्हाला कुणी राहिलं नाही.