लक्ष्मीबाईचं तुणतुणं

येरमाळ्याची लक्ष्मीबाई येडाईदेवीची गाणी म्हणणारी आराधीण. १९६२ साली तिचं तुणतुणं फुटलं, म्हणून नवं घ्यायला ती एस्टीनं तुळजापूरला माझ्या दुकानी आली. मी सगळ्यात चकचकीत, खणखणीत वाजणारं पुढं केलं.

"हे लई किंचाळतंय," ती म्हणाली. "जरा घुमणारं दावा."

दुकानात सात होती. सातही तिनं छेडली. सकाळची भवानी, पहिली विक्री, अजून व्हायची होती, माझं डोकं तापलं. मग तिनं मलाच पाठमोरं बसवलं आणि एकेक तुणतुणं घेऊन दर वेळी येडाईचं एकच गाणं म्हटलं. सहाव्याला मी डोलायला लागलो.

"ह्याची तार कशी वाटली?"

"गाण्याच्या नादात तारेकडं लक्षच गेलं न्हाय, बाई."

"मग हेच द्या. लोक मला ऐकाया येत्यात, तुणतुण्याला न्हाय."