एकशे सात नाणी आणि शेगडीतली तिकिटं

आमच्या रस्त्यावर बत्तीस थांबे. सव्विसाव्यावर माझं घर, आणि त्याच्या शेजारचं कंडक्टरचं. म्हणून ही हकिगत सांगायचा हक्क मी दुसऱ्या कुणाला देत नाही.

कंडक्टरला सगळे डबल बेल म्हणत. तीस वर्षं तो याच रस्त्यावरच्या गाडीत उभा राहिला. रस्ता फार जुना. गाड्यांच्या आधी बैल चालले, बैलांच्या आधी कोण चालले ते मातीलाच ठाऊक. कुठंही कुदळ लागली की काहीतरी वर येई. विहीर खणणारे, मेंढरं राखणारे, मुरूम उपसणारे एखादं काळंहिरवं नाणं मुठीत धरून गाडीत चढत. डबल बेलला त्याचं वेड आहे हे साऱ्यांना माहीत होतं. तो नाणं घेई आणि तिथल्या तिथं एक तिकीट फाडी. नाणं जिथं सापडलं त्या थांब्याच्या आकड्यावर पंच मारी, मागं पेन्सिलीनं लिही : कुणी दिलं, कशाखालून निघालं, किती हात खोल, कोणता दिवस. तिकिटाचे पैसे स्वतःच्या खिशातून भरी आणि नाणं त्याच तिकिटात गुंडाळी.

"वय हजारात असलं म्हणून काय झालं," म्हणायचा, "माझ्या गाडीत बिनतिकीट कुणी बसायचं नाही."

निवृत्तीपर्यंत घरच्या पेटीत अशी एकशे सात पुडकी झाली होती. एका संग्रहालयाच्या बाई ती बघायला आल्या. त्यांनी नाणी बाजूला ठेवली आणि तिकिटंच वाचत बसल्या. दुपार उतरली तरी मान वर नाही. शेवटी म्हणाल्या, "नाणी आमच्याकडे पोतंभर आहेत हो. पण कुठून आली ते कुणालाच माहीत नाही. तुम्ही तर अख्खा रस्ता जपून ठेवलाय." महिन्यानं गाडी घेऊन येते, सगळी एका दालनात मांडू, असं सांगून त्या गेल्या. त्या दिवसापासून डबल बेल ताठ चालू लागला. आपल्या पाठीमागं काहीतरी उरणार, ही गोष्ट माणसाचा कणा सरळ करते.

मग त्याच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. तो चार दिवस दवाखान्यात राहिला.

त्याच्या बायकोनं तीस वर्षं त्या पेटीला हात लावला नव्हता. त्यानं लावूच दिला नव्हता. आता बाई येणार, तर घरची वस्तू नीटनेटकी दिसावी, एवढंच तिच्या मनात. तो परत आला तेव्हा टेबलावर लाल मखमलीवर एकशे सात नाणी झगझगत होती. लिंबू आणि राखेनं तिनं दोन रात्री घासली होती.

"अहो, बघा तरी."

तो नाण्यांकडं बघतच नव्हता. "वरचे कागद?"

"ती मळकट तिकिटं होय? शेगडीत घातली. तुमच्या अंघोळीचं पाणी त्यावरच तापलंय."

तो खाली बसला. ती हसत होती. मग तिचं हसू तोंडावरच वाळलं.

दुसऱ्या दिवसापासून तो गाडीनं फिरू लागला. एका डोळ्यावर पट्टी, हातात नाण्यांची पिशवी. थांब्याथांब्याला उतरायचा आणि विचारायचा, "हे तू दिलं होतंस का रे?"

विहीरवाला मरून सहा वर्षं झाली होती. मेंढपाळानं नाणं उन्हात धरलं. "कंडक्टर, मी दिलं ते शेवाळासारखं होतं. हे तर लग्नाला निघालंय." मुरूमवाल्या म्हाताऱ्यानं पहिलंच बघून मान डोलावली, "हो, हेच." दुसरं दाखवलं, तेही त्याचंच. तिसरं दाखवलं.

"हेसुद्धा माझंच की."

"अरे, तू मला एकच दिलं होतंस."

"मग तुला जे हवं ते माझं धर. इतक्या लांबून आलास, नाही कसं म्हणू?"

असा चांगुलपणा त्याच्या काय कामाचा? संध्याकाळी तो माझ्या ओट्यावर बसे आणि पिशवी मांडीवर घेऊन नुसता खुळखुळवे. एकशे सातांपैकी एकोणीस त्याला खात्रीनं ओळखू आली. एकाला कुदळीचा टोचा होता, एकावरच्या घोड्याचं डोकंच उडालेलं. बाकीची अठ्ठ्याऐंशी घासून घासून सख्खी भावंडं झाली होती.

बाई येण्याच्या आदल्या दिवशी त्याची मुलगी आली. निवृत्तीच्या निरोपाला त्याला मिळालेला पंच आणि रद्दीत निघालेले कोऱ्या तिकिटांचे गठ्ठे तिनं त्याच्यासमोर ठेवले.

"बाबा, आठवेल तसं नवीन लिहा. कोण तपासतंय?"

त्यानं एक तिकीट घेतलं. एक नाणं घेतलं. अकराव्या थांब्यावर पंच धरला, मग चौदाव्यावर, मग पुन्हा अकराव्यावर. शेवटी पंच खाली ठेवून तो म्हणाला, "बाराव्यावरचा माणूस अकराव्यावर उतरवला, असं मी कधी केलं नाही. हे तर बोलूही शकत नाहीत."

बाई आल्या. त्यानं एकोणीस पुढं केली आणि झालं ते सांगितलं. बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

दाराआडून त्याची बायको पुढं आली. "ताई, चूक माझी आहे. त्यांची तीस वर्षं आहेत त्यात. उरलेली पण घ्या हो."

"नाणी खरी आहेत, काकू," बाई हळू म्हणाल्या. "पण ती आता कुठलीच राहिली नाहीत." आणि एकोणीस घेऊन त्या गेल्या. दालनाचा विषय त्यांनी काढला नाही. त्यानंही काढला नाही.

गाडी वळणाआड गेल्यावर तो बराच वेळ उभा होता. आत आला तर बायको जमिनीवर बसून एकेक नाणं कोऱ्या तिकिटात गुंडाळत होती.

"पंच कुठं मारू?" तिनं विचारलं.

"मारू नकोस."

"मागं काय लिहू?"

"लिही, थांबा माहीत नाही."

तिला लिहायची सवय नव्हती. एकेक अक्षर कोरत ती लिहीत गेली. तिसेक तिकिटं झाल्यावर पेन्सिल बोथटली. ती त्याच्याकडं न बघता थांबली. त्यानं पेन्सिल घेतली, टोक केलं आणि परत तिच्या हातात दिली.