पितरांच्या पंधरवड्यातला हप्ता

लिहायला बसलो खरा, पण आधी माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी लिहिलेलं नाही. सही करायचे सगळे, पण लिहिणं म्हणजे फॉर्म भरणं, आणि तेसुद्धा मी अकरावीत गेल्यावर सुरू झालं. तोवर फॉर्म आला की बाबा तो घेऊन पोस्टातल्या माणसाकडे जायचे आणि त्याला चहा पाजायचे. मी कॉलेजात गेल्यामुळे घराचे तेवढे चहाचे पैसे वाचले. माझ्या शिक्षणाचा दुसरा फायदा अजून कुणाला दिसलेला नव्हता. अशा माणसानं आठवणी लिहाव्यात का, याबद्दल मला स्वतःलाच खात्री नाही. पण या हप्त्याच्या प्रकरणात एक चूक माझी होती आणि ती मी कुठेतरी कबूल करायला हवी.

आम्ही बाळकुमचे कोळी. आजोबांची खाडीत होडी होती, ती काकांकडे गेली. बाबा माजिवड्याजवळच्या एका कंपनीत लागले आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, वयाची अठ्ठावन्न पुरी झाल्यावर, एक शाल, एक भिंतीवरचं घड्याळ आणि फंड-ग्रॅच्युइटीचे पैसे घेऊन घरी आले. पेन्शन वगैरे नव्हतं. पैसे बँकेत ठेवले आणि दर तीन महिन्यांनी व्याज यायचं. व्याज होतं तेवढंच राहिलं. गॅस, तूरडाळ आणि माझ्या कॉलेजची फी मात्र वाढत गेली. मी कल्याणला बी.कॉम.ला होतो, कारण ठाण्यातल्या कॉलेजांना माझे मार्क पसंत पडले नव्हते.

निवृत्तीबरोबर कंपनीचा दवाखानाही सुटला. तिथलं लाल औषध कुठल्याही आजारावर चालायचं, आणि आता ते फुकट मिळणार नाही याचं बाबांना घड्याळापेक्षा जास्त वाटलं. तेव्हा त्यांच्याबरोबर निवृत्त झालेल्या, डोंबिवलीच्या एका मित्रानं तिथल्या विमा कंपनीच्या शाखेतून मेडिक्लेम काढायला सांगितलं. फॉर्म मी भरला. ‘कोणताही आजार आहे का’ याच्यापुढे ‘नाही’ असं इंग्रजीत लिहिताना मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं.

आईला तो व्यवहारच पटला नाही. “म्हंजे आजारी पडलो नाय तर पैसे गेले?”

“गेले,” बाबा म्हणाले.

“आणि पडलो तर?”

“तर आपण गेलो. पैसे मिळतात.”

“वर्षाचे पैसे पाण्यात टाकले असं म्हना ना सरळ.”

“अगं, आपल्यात पाण्यात टाकलेलंच जाळ्यात येतं.”

आलंही. त्याच वर्षी, पॉलिसीला दोन महिने होतात न होतात तोच, बाबा काकांची होडी वर ओढायला गेले. निवृत्त माणूस अजून कामाचा आहे हे त्यांना खाडीवरच्या लोकांना दाखवायचं होतं. होडी वर आली आणि बाबांच्या जांघेत लिंबाएवढी गाठही वर आली. डॉक्टरांनी हात लावून सांगितलं, “हर्निया. ऑपरेशन करून टाका. आणि गाठ आत जाईनाशी झाली, दुखायला लागलं, तर मात्र तासभरही थांबू नका. आतडं अडकतं.”

मी शब्दकोश घेऊन पॉलिसीचा कागद वाचला. हर्निया, मोतीबिंदू, मूळव्याध असल्या गोष्टींचे पैसे पहिल्या वर्षी मिळणार नव्हते. दुसऱ्या वर्षापासून मिळणार होते, मात्र हप्ता वेळेवर, खंड न पडता भरला तरच.

“मग वर्ष जाऊ दे,” बाबा म्हणाले. इतक्या पटकन म्हणाले की मला नवल वाटलं होतं, पण मी त्याला काटकसर समजलो.

त्यांनी ठाण्याच्या बाजारातून हर्नियाचा पट्टा आणला. तो रोज सकाळी बांधायचा आणि रात्री खुंटीला टांगायचा. पाहुणे आले की आई त्यावर टॉवेल टाकायची. घरात हसण्यावर बंदी आली. टीव्हीवर काही विनोदी लागलं की आई आवाज बंद करायची आणि आम्ही नुसते हलणारे ओठ बघायचो. शिंक आली की बाबा जांघ धरून, एक पाय उचलून, डोळे मिटून उभे राहायचे, आणि शिंक येऊन गेली की चाळीतली पोरं टाळ्या वाजवायची.

वर्ष संपत आलं तसं नव्या हप्त्याचं पत्र आलं. रक्कम वाढली होती, कारण बाबा पुढच्या वयोगटात गेले होते. बाबा म्हणाले, “म्हातारा झालो मी, आणि वाढीव पगार यांना?”

पण खरी अडचण रकमेची नव्हतीच. पैसे बाजूला काढलेले होते. अडचण तारखेची होती. आदल्या वर्षी त्या तारखेला गणपती होते. या वर्षी तीच तारीख पितृपक्षाच्या मध्यावर आली.

आई म्हणाली, “पितरांच्या पंधरवड्यात जाऊन हास्पिटलचे पैसे भरायचे? वर बसलेले काय म्हनतील? म्हनतील, पोरानं तिकीट काढलं. जागा करून ठेवतील तुमची.”

“हे पण खरंय,” बाबा लगेच म्हणाले.

मी एकदाच बोललो. “तारीख आहे, बाबा.”

“अरे, तारीख काय पळून चाललीय? घट बसले की भरू.”

मला माहीत होतं. तो ‘खंड’वाला शब्द मी तीनदा शोधून पाहिला होता. पण आपलं इंग्रजी चुकलं असेल तर, आणि आपण आजोबांच्या पानावरून उठून कायदा सांगितला तर, या दोन भीतींमध्ये मी गप्प राहिलो. घरात पितरांच्या बाजूनं अनुभव होता आणि माझ्या बाजूनं फक्त डिक्शनरी. त्या वर्षी खीर छान झाली होती. कावळाही वेळेवर आला. वेळ पाळणारा घरात तो एकटाच.

घटस्थापना झाली, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही बाप-लेक डोंबिवलीच्या शाखेत गेलो. खिडकीतल्या बाईंनी कागद पाहिला आणि विचारलं, “इतके दिवस कुठे होतात?”

“पितृपक्ष होता ना,” बाबा म्हणाले.

“पॉलिसी संपली काका तुमची. आता पैसे भरलेत तर ती नवीन धरणार. हर्नियाला परत एक वर्ष.”

बाबांनी पट्ट्यावर हात ठेवला. मी बाईंकडे बघू शकलो नाही आणि बाबांकडेही. मग बाईंनाच काय वाटलं कोण जाणे, त्या म्हणाल्या, “उशीर माफ करा म्हणून अर्ज द्या. वरच्या ऑफिसला पाठवते. होईलच असं नाही. आणि इंग्रजीत लिहा.”

तो अर्ज मी सहा वेळा लिहिला. कॉलेजातल्या इंग्रजीच्या सरांना दाखवला तर ते म्हणाले, “अरे, ‘अपरिहार्य कारणांमुळे’ एवढं लिही. कुणी विचारत नाही.” मला ते जमलं नाही. कारण अपरिहार्य नव्हतंच. मी खरं ते लिहिलं: आमच्याकडे या पंधरा दिवसांत मेलेल्यांना जेवण देतात आणि जिवंत लोकांची कामं पुढे ढकलतात, हप्त्याचे पैसे डब्यात तयार होते, आणि तारखेचं महत्त्व घरात एकाला ठाऊक होतं, पण तो बोलला नाही. तो कोण, हे लिहिलं नाही.

पुढे पाच-साडेपाच महिने अर्ज ‘वर’ होता. बाबांना ते वाक्य फार आवडलं. कुणीही ऑपरेशनचं विचारलं की म्हणायचे, “अर्ज वर गेलाय.” जणू पितरांकडेच गेला होता. मी दर शुक्रवारी कॉलेजातून परतताना डोंबिवलीला उतरायचो. खिडकीतल्या बाई मला बघून आधीच मान हलवायच्या. इकडे लिंबाचं मोसंबं झालं होतं. एकदा गाठ आत जाईना, तेव्हा आई अर्धा तास त्यांना पाय वर करून झोपवून, कपाळाला हात लावून बसली होती. गाठ आत गेली. आई त्या दिवशी आजोबांच्या फोटोसमोर हात जोडून बसली. तिला वाटत होतं, हे तिच्यामुळे झालं.

मार्चमध्ये एका शुक्रवारी बाईंनी मान हलवली नाही, पाकीट दिलं. मी ते रस्त्यात उघडलं नाही. माजिवड्याला बस तासभर अडकली, तरी नाही. घरी येऊन वाचलं. टाइप केलेलं इंग्रजी होतं: विशेष बाब म्हणून उशीर माफ केला आहे, पॉलिसी अखंड धरली जाईल. खाली कुणा साहेबानं पेनानं मराठीत लिहिलं होतं, “यापुढे हप्ता गणपतीतच भरावा.”

आईनं पत्राला हात जोडले. बाबांचा चेहरा मात्र उतरला.

“परत वाच,” ते म्हणाले. मी परत वाचलं. “नक्की हर्नियाला पण?” म्हणाले. मग म्हणाले, “शिमगा होऊ दे आधी. मग तुझी परीक्षा, मग उन्हाळा...”

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. “बाबा, तुम्हाला भीती वाटते?”

ते पट्ट्याच्या बकलशी खेळू लागले. “मना सुईची पन वाटते. कंपनीत इंजेक्शनवाला आला की मी मुतारीत जाऊन बसायचो. लाल औषध बरं होतं.” मग म्हणाले, “तुझी आई पितृपक्ष म्हनाली ना, तेव्हा मना जाम बरं वाटलं होतं.”

मग मीही सांगितलं. तारखेचं मला माहीत होतं, मी घाबरून बोललो नाही.

आई आमच्या दोघांकडे वळली. “म्हंजे दोघं बाप-लेक भित्रे,” ती म्हणाली, “आणि सहा महिने मी सासऱ्याची माफी मागत बसले.” दुसऱ्या दिवशी तिनं स्वतः डॉक्टरांकडे जाऊन तारीख घेतली. भिंतीवरचं कॅलेंडर उलटून बघितलं नाही. ती तारीख माझ्या अकाउंट्सच्या पेपरची निघाली. मी पेपर बुडवतो म्हणालो. आई म्हणाली, “तू तुझं कर. आता घरात दुसरं कोन भ्यायचं नाय.”

पेपर कसा गेला ते मला आठवत नाही. बाहेर आलो, कल्याणला एका बूथवर रांगेत उभा राहिलो आणि चाळीखालच्या किराणा दुकानात फोन लावला. घराला निरोप तिथेच यायचे. दुकानदारानं आधी मागे कुणाला तरी साखर तोलायला सांगितलं, मग मला म्हणाला, “झालं रे तुझ्या बाबांचं. अकरा वाजताच. आई सांगून गेली. बरे आहेत, चहा मागतायत, डॉक्टर देत नाय.”

“अजून काही?”

“हां. तो पट्टा त्यांनी आत जायच्या आधी बाहेर बाकड्यावर बसलेल्या एका माणसाला देऊन टाकला म्हणे. त्याच्या पॉलिसीचं वर्ष भरायला अजून सात महिने आहेत.”