चुडा भरायच्या सकाळी

जिल्हा परिषदेची निवडणूक हरल्यावर देवावरचा माझा विश्वास जरा कामचलाऊ झाला होता. इतकी वर्षं मुलींचं वसतिगृह चालवलं, गावोगाव हिंडले, पदरात काय पडलं? सकाळी पूजेला गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेतलं की हा प्रश्न हमखास वर यायचा. मग मी पूजा आवरती घ्यायची आणि दिवसाच्या कामांची यादी काढायची. यादीचाच मला आधार वाटे.

अशात एका संध्याकाळी वसतिगृहातल्या अकरावीच्या मुलीचा फोन आला. सुट्टीला म्हणून ती किल्लारीजवळच्या आपल्या गावी गेली होती. "मावशी, उद्या माझं लग्न लावायलेत," एवढंच बोलली आणि फोन बंद. तिला अठरावंही लागलं नव्हतं. मी लगेच पोलीस, बालसंरक्षण अधिकारी, गाडी, सगळं ठरवलं. सकाळी सगळे लातुरात माझ्या दारात जमले. मी चप्पल घालते तोच सासूबाईंनी हटकलं.

"पूजा झाली का गं?"

"आल्यावर करते, आत्या."

"आल्यावर न्हाई. इलेक्शन हरलीस म्हणून लिंगावर रुसलीस का? बस खाली."

अधिकारी बाई तोंडाला पदर लावून हसल्या. मी धुसफुसतच पाटावर बसले. डोळे मिटले तरी ती मुलगीच समोर. शेवटी मनात म्हटलं, महादेवा, मला सुचलं ते सगळं केलं, आता तू बघ. त्यापुढे माझ्याकडे काहीच योजना नव्हती.

डोळे उघडले तर दारात ती मुलगी. अंगाला हळद, आणि सोबत बांगड्यांची पेटी घेतलेली एक अनोळखी मुसलमान चाची.

"चुडा भराया बोलावलं व्हतं," चाची धापा टाकत म्हणाली. "पोरगी मूठच सोडंना. आवळलेल्या हातात बांगडी चढती का, ताई? हळूच इचारलं, तर तुमचं नाव घेतलं. मग घरच्यांना म्हनलं, हिच्या मापाच्या दुकानात हायत, भरून आणते. अन् बसवलं जीपमंदी."

"मला ओळखता तुम्ही?"

"तुमच्या सभेला आल्ते की. मत न्हाई दिलं मातर."

पोलीससुद्धा हसले.

मुलीने तिथेच, अधिकारी बाईंसमोर जबाब दिला. आम्ही निघून गेलो असतो तर गावात मुलगी सापडली नसती आणि पळवल्याचा आळ चाचीवर आला असता. पुढे गावात काय पेटलं असतं, तो विचार मी आजही पुरता करू शकत नाही. दुपारी आईवडिलांना बोलावून घेतलं. रडारड झाली, पण लग्न थांबवल्याचं त्यांनी लिहून दिलं. मुलगी आता बारावीत आहे.

याला काय म्हणायचं, ते मी ठरवलेलं नाही. चाचीला त्या घरी कुणी धाडलं, मला पाटावर कुणी बसवून ठेवलं, हे मनात आलं की हात जोडले जातात. लिंग धरताना तळहात सैल, उघडा ठेवावा, हे मला लहानपणीच शिकवलं होतं. बाकी सगळं मात्र मी मुठीत आवळून बसले होते.

याद्या मी अजूनही करते. पण पूजा झाल्यावर.