जुन्या कागदांच्या खोलीतले सर

माझ्यावर सर्वांत जास्त ऋण आहे ते आमच्या कॉलेजातल्या इतिहासाच्या सरांचं. समोर कोणी बसलं की ते बाह्या दुमडायचे, पेन्सिल जिभेला लावायचे आणि म्हणायचे, “बोला. जसं बोलशात, तसंच लिखसू.”

कॉलेज जुनं. ग्रंथालयामागच्या खोलीत त्याचं दफ्तर. पहिल्या तुकड्यांचे फोटो, गॅदरिंगच्या पत्रिका, वसतिगृहाचे नियम. अशा कुलूपबंद खोल्या तुम्हीही पाहिल्या असतील. सरांनी ती उघडली आणि एक रिवाज पाडला. मुलाला दाखल करायला आलेल्या आईबापाला तिथे बसवायचं, चहा द्यायचा, आणि त्यांचं बोलणं उतरवून घ्यायचं.

माझे वडील म्हसावदहून, शेताला पाणी देऊन तसेच आले होते. सरांनी लिहिलं: “पोरले कॉलेजमा लई उनू. साहेबनी खुर्ची दिन्ही. मी बसनू नही. धोतरले गाळ लागेल व्हता.”

“सर, शुद्ध करून लिहा ना,” मी म्हणालो.

“तुन्हा बाप मळेल शे का रे, शुद्ध कराले?”

दुसऱ्या वर्षी मी कॉलेज सोडून शेतात राबायला लागलो, तेव्हा सर येऊन बांधावर ठाण मांडून बसले आणि वडिलांना म्हणाले, “हाऊ परत येत नही, तवलोंग मी आठेच शे.”

वडील म्हणाले, “मंग दारं धरा, सर.”

सरांनी खरंच वाफ्यात पाणी वळवायला फावडं घेतलं आणि वाफाच फोडून टाकला. वडिलांनीच घाईघाईने माझी पिशवी भरली. आज मी मास्तर आहे, तो त्या वाफ्यामुळे.

सर निवृत्त झाले. वडील वारले. मग कॉलेजात तपासणीची समिती यायची होती, म्हणून त्या खोलीचं ‘वारसा दालन’ झालं. उद्घाटनाला सरांना शाल-नारळासाठी बोलावलं, मीही गेलो. भिंतीवर चकचकीत फलक. एकावर वडिलांचं नाव आणि खाली: ‘पाल्याच्या प्रवेशासमयी मला सन्मानाने आसन देण्यात आले. मी ते कृतज्ञतेने स्वीकारले.’

दालन सांभाळणारे तरुण प्राध्यापक उत्साहाने म्हणाले, “सर, फार अशुद्ध होतं. सगळं नीट करून टाइप करून घेतलं.”

“मूळ कागद?” सरांनी विचारलं.

“निर्लेखन करून रद्दीत दिले. वाळवी होती, सर.”

“सगळ्यांना?”

“एका गठ्ठ्याला. पण बाकीचेही जुनेच होते ना.”

समितीला दालन फार आवडलं, असं पुढे कळलं. सरांनी शाल घेतली, फोटोला उभे राहिले. फाटकाशी आल्यावर मला म्हणाले, “तुन्हा बापले खुर्चीवर बसाडी दिन्हं रे त्यास्नी.”

त्यानंतर ते कॉलेजात आले नाहीत. सुरतेला मुलीकडे गेले. फोन उचलत नाहीत. शेवटी मी पत्र टाकलं:

‘सर, सा. न.

माझ्या प्रवेशाच्या दिवशी मी चहाचे कप विसळायला बाहेर गेलो होतो. परत आलो तर तुम्ही आणि वडील मोठ्याने हसत होतात. वडिलांना परक्या माणसासमोर तसं हसताना मी पुन्हा पाहिलं नाही. ते काय बोलले होते, ते त्या कागदावर असणार, पुढे कधीतरी वाचू, असं मला वाटायचं. आईला विचारलं, तिला माहीत नाही. तुम्हाला आठवत असेल तर तेवढं कळवा. आठवत नसेल तर कोरं कार्ड पाठवा, सर. मनानं काही लिहू नका.’